बाहेरून पिंग केलं तरी मोडेम उत्तर देत नाही? या क्रमानं तपासा

मणेराजुरीच्या शिवारात आमची बेदाण्याची शेड आहे आणि मी राहतो सांगलीत, विश्रामबागला. फेब्रुवारी-मार्चमध्ये रॅकवर माल पडला की पंधरवडाभर सगळा जीव तिकडं लागलेला असतो. आभाळ आलं तर ताडपत्र्या सोडल्या का, रात्री शेडकडं कुणी फिरकलं का, हे बघता यावं म्हणून धाकट्या भावानं तिथं चार कॅमेरे आणि एक डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा, बसवून घेतला. फायबरची तार गावातून शेडपर्यंत ओढली. कॅमेरे बसवणारा म्हणाला, "कंपनीकडून स्टॅटिक आयपी घ्या, मग कुठूनही दिसेल." स्टॅटिक आयपी म्हणजे इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता. पैसे भरले, नंबर मिळाला. सांगलीतून त्या नंबरला पिंग केलं, म्हणजे तो उत्तर देतो का ते तपासलं, तर चार वेळा एकच ओळ आली: रिक्वेस्ट टाइम्ड आउट.

पुढं सतरा दिवस गेले. मोडेम तीनदा रीसेट केला, नवा राउटर आणला, पोर्ट (बाहेरून आत यायची क्रमांकाची दारं) उघडले, फायरवॉल (नको ते अडवणारा पहारा) बंद करून पाहिली. दोष मोडेममध्ये नव्हताच. कंपनीनं दिलेला तो नंबर शेडमधल्या मोडेमपर्यंत पोचलाच नव्हता. हे तपासायला दोन मिनिटं लागतात आणि मी ते सगळ्यात शेवटी तपासलं.

त्यानंतर भावकीतल्या दोन शेडमध्ये आणि मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात हीच अडचण बघितली. कारण दरवेळी वेगळं निघालं, पण शोधायचा क्रम एकच ठेवला तर वेळ वाया जात नाही. तो क्रम खाली देतोय. कमांड आणि मेनूची नावं इथं देवनागरीत लिहिली आहेत, संगणकावर ती इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची.

सुरू करण्याआधी हे जवळ ठेवा

• एक लॅपटॉप आणि लॅनची केबल. वायफायवरून मोडेमच्या सेटिंग बदलू नका, मध्येच वायफाय तुटलं तर काय बदललं आणि काय नाही ते कळत नाही.
• मोबाइल डेटा असलेला फोन. ब्रॉडबँड ज्या कंपनीचं आहे, तिच्यापेक्षा दुसऱ्या कंपनीचं सिम असेल तर उत्तम.
• मोडेमच्या तळाशी चिकटवलेल्या लेबलचा फोटो. लॉगिनचा पत्ता, युजरनेम आणि पासवर्ड तिथंच असतो.
• कनेक्शनचा ग्राहक क्रमांक, ताजं बिल आणि पीपीपीओई (युजरनेम-पासवर्ड देऊन कंपनीशी जोडायची पद्धत) असेल तर त्याचं युजरनेम-पासवर्ड.
• स्टॅटिक आयपी घेतला असेल तर त्याची पावती आणि नंबर दिल्याचा मेसेज किंवा ईमेल. अजून घ्यायचा असेल तर अर्ज, आधार किंवा दुसरा ओळखीचा पुरावा, जागेचा पत्ता दाखवणारं वीजबिल. दुकानाच्या नावानं घेत असाल तर जीएसटीचा दाखलाही सोबत ठेवा, आमच्या अडत दुकानवाल्यांकडं तो मागितला होता.
• एक वही. काय बदललं, किती वाजता बदललं, ते लिहा. माझे सतरा दिवस जाण्याचं निम्मं कारण हेच, की आधी काय बदललं होतं ते मला आठवत नव्हतं.

पिंग म्हणजे नेमकं काय होतं

एवढं समजून घेतलं की पुढचं सोपं जातं. पिंग हा प्रोग्राम माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला. पाणबुडी शोधायला सोनार वापरतात, त्याच्या आवाजावरून हे नाव आलं. तुमचा संगणक समोरच्या पत्त्याला "आहेस का?" असा छोटा निरोप पाठवतो, समोरचा "आहे" म्हणून तोच निरोप परत करतो. यासाठी आयसीएमपी नावाची पद्धत वापरली जाते: विचारणा प्रकार ८ ची, उत्तर प्रकार ० चं.

यातून दोन गोष्टी निघतात आणि नवखा माणूस दोन्हींत चुकतो. पहिली: पिंगला पोर्ट नसतो. म्हणून पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे ठरावीक पोर्टवर आलेलं आतल्या यंत्राकडं वळवणं, करून पिंग सुरू होत नाही. मी डीव्हीआरचे पोर्ट दहा वेळा तपासत बसलो, त्याचा पिंगशी संबंधच नव्हता. दुसरी: बाहेरच्या पत्त्याला केलेल्या पिंगचं उत्तर साधारणपणे राउटर स्वतः देतो, त्याच्यामागचा कॅमेरा किंवा संगणक नाही. डीव्हीआर बंद असला तरी पिंग यायला हवं, आणि पिंग आलं म्हणजे डीव्हीआर चालू आहे असंही नाही.

१. आधी लाईट बघा

शेतावरच्या मोडेमच्या बाबतीत हीच पहिली पायरी. शेतीची थ्री फेज लाईट दिवसा काही तास, नाहीतर रात्री, अशी पाळीपाळीनं येते. मोडेम त्याच लाइनीवर असेल तर दिवसातला बराच वेळ तो बंदच असणार. मणेराजुरीला फोन लावून "लाईट हाय का?" एवढं विचारलं तरी अर्धी शंका मिटते. आम्ही पुढं मोडेम आणि राउटर छोट्या इन्व्हर्टरवर घेतले. बारा व्होल्टचे मोडेमसाठीचे छोटे यूपीएसही मिळतात. फक्त अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या.

लाईट असेल तर मोडेमवरचे दिवे बघा. फायबरच्या डब्यावर, म्हणजे ओएनटीवर, पॉन नावाचा दिवा स्थिर हिरवा हवा. लॉस नावाचा दिवा लाल दिसला तर प्रकाशच पोचत नाही. कुठंतरी तार तुटली आहे किंवा पिन सैल आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीनं किंवा उसाच्या गाडीनं खाली आलेली तार ओढून नेणं आमच्याकडं नवीन नाही. लॉस लाल असेल तर इथंच थांबा आणि लाइनमनला बोलवा.

२. आतून बाहेर जाता येतं का?

मोडेमला लॅनची केबल लावा आणि लॅपटॉपवर एकापाठोपाठ तीन पिंग करा. पहिलं मोडेमला (बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, आयपीकॉन्फिग कमांडमध्ये डीफॉल्ट गेटवे म्हणून दिसेल तो आकडा). दुसरं ८.८.८.८ ला, हा गूगलचा डीएनएस सर्व्हर, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारा संगणक, आहे. तिसरं एखाद्या वेबसाइटच्या नावाला.

पहिलं आलं नाही तर केबल किंवा मोडेम. पहिलं आलं पण दुसरं नाही, तर मोडेम कंपनीशी जोडलेलाच नाही. दुसरं आलं पण तिसरं नाही, तर फक्त डीएनएसची अडचण आहे, तिचा आपल्या प्रश्नाशी संबंध नाही. तिन्ही आली की पुढं चला.

३. तो पत्ता खरोखर तुमच्या मोडेमचा आहे का?

माझं ऐकाल तर बाकी सगळं बाजूला ठेवून ही पायरी नीट करा.

मोडेमच्या पानावर लॉगिन करा आणि स्टेटस किंवा वॅन स्टेटस उघडा. वॅन म्हणजे मोडेमची बाहेरची, कंपनीकडची बाजू. तिथं वॅन आयपी म्हणून एक आकडा दिसेल, तो वहीत लिहा. आता त्याच लॅपटॉपवरच्या ब्राउझरमध्ये गूगलवर "व्हॉट इज माय आयपी" शोधा आणि बाहेरच्या जगाला तुमचा कोणता पत्ता दिसतो तो लिहा. पत्ता लांबलचक आणि त्यात अक्षरं असतील तर तो आयपीव्ही६ या नव्या पद्धतीचा आहे, चार आकड्यांचा आयपीव्ही४ पत्ता दाखवणारी साइट वापरा.

दोन्ही आकडे तंतोतंत सारखे असतील तर पत्ता तुमच्या मोडेमवर आहे. वेगळे असतील तर बाहेरून येणारं पिंग तुमच्या मोडेमपर्यंत येतच नाही. ते मध्येच दुसऱ्या कुठल्यातरी डब्यावर थांबतं. मग तुम्ही तुमच्या मोडेममध्ये काहीही बदला, काही फरक पडणार नाही.

वॅन आयपी खालीलपैकी कुठल्या रांगेत येतो ते पाहा:

• १०. नं सुरू होणारे सगळे: खासगी पत्ता
• १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंत: खासगी पत्ता
• १९२.१६८ नं सुरू होणारे: खासगी, आणि बहुतेक वेळा याचा अर्थ तुमच्या राउटरच्या आधी आणखी एक राउटर आहे
• १००.६४ पासून १००.१२७ पर्यंत: कंपनीच्या सामायिक जाळ्यातला पत्ता
• ०.०.०.०: जोडणी झालेलीच नाही

दुसऱ्या आणि चौथ्या रांगेत नीट लक्ष द्या. १७२ किंवा १०० नं सुरू झाला म्हणजे खासगीच असं नाही. १७२.४० किंवा १००.२० हे खरे सार्वजनिक पत्ते आहेत. दुसरा आकडाही वाचायचा.

आमच्या शेडमधला आकडा १००.७ नं नव्हे, १००.७१ नं सुरू होत होता. फोनवर कंपनीच्या माणसानंही तो घाईत चुकीचा वाचला आणि "पब्लिक आहे की" म्हणाला.

ही सामायिक रांग का आली तेही सांगतो. आयपीव्ही४ चे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. आशिया-पॅसिफिक भागाला पत्ते वाटणाऱ्या एपनिककडचा मोकळा साठा एप्रिल २०११ मध्ये शेवटच्या हिश्श्यावर आला. ग्राहक तर वाढतच होते. म्हणून कंपन्या एका सार्वजनिक पत्त्यामागं अनेक ग्राहक बसवू लागल्या आणि एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ ते १००.१२७ ही रांग खास त्यासाठी राखून ठेवली गेली. याला सीजीनॅट म्हणतात. जुन्या मोठ्या वाड्यात पंचवीस बिऱ्हाडं असावीत आणि टपालाला वाड्याचा एकच पत्ता असावा, तसं हे आहे. आतल्या माणसानं पत्र पाठवलं तर त्याचं उत्तर त्याला मिळतं, कारण वाड्याच्या दारातला माणूस नोंद ठेवतो. पण बाहेरून नुसतं वाड्याच्या पत्त्यावर पत्र आलं तर ते कुणाला द्यायचं, हे त्याला माहीत नसतं. तो ते ठेवून देतो. तुमचं पिंग असंच दारात राहतं.

वॅन आयपी या रांगेत असेल तर तुमच्यापुढं तीन वाटा आहेत: कंपनीकडून स्टॅटिक आयपी घ्यायचा, आयपीव्ही६ वापरायचं, किंवा सातव्या पायरीतली पद्धत धरायची.

स्टॅटिक आयपीचे पैसे भरूनही आकडा १००.६४ च्या रांगेतलाच दिसत असेल तर तुमची गत माझ्यासारखी आहे. बिलात तो चढतो, पण तुमच्या युजरनेमला जोडायचं काम वेगळ्या माणसाकडं असतं आणि ते राहून जातं. कधी जोडलेलाही असतो, पण मोडेमनं जुनी जोडणी सोडलेली नसते. म्हणून आधी मोडेम पाच मिनिटं बंद ठेवून परत सुरू करा, वॅन आयपी पुन्हा वाचा. तरी जुनाच असेल तर कंपनीला फोन करा. फोनवर "पिंग येत नाही" असं म्हणू नका, ते तुम्हाला मोडेम रीस्टार्ट करायला सांगून फोन ठेवतील. "मला अमुक स्टॅटिक आयपी दिलाय, पण मोडेमच्या वॅनवर तमुक आकडा दिसतोय" असं सांगा आणि स्क्रीनचा फोटो पाठवा.

स्टॅटिक आयपी घेतलेला नाही पण दोन्ही आकडे जुळतात, असंही असतं. मग पत्ता तुमचाच आहे, पण तो बदलता आहे. लाईट जाऊन आली की नवा पत्ता मिळू शकतो आणि तुम्ही सांगलीत बसून कालच्या पत्त्याला पिंग करत राहता. त्यासाठी डीडीएनएस असतं: राउटर आपला ताजा पत्ता एका नावाला जोडून ठेवतो. पण सीजीनॅटमध्ये अडकला असाल तर डीडीएनएसचा काही उपयोग नाही.

आयपीव्ही६ बद्दल थोडक्यात. वॅनच्या पानावर २ पासून सुरू होणारा लांब पत्ता दिसत असेल तर तिथं वाड्याची अडचण नाही, घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा सार्वजनिक पत्ता असू शकतो. अडवतो तो राउटरचा फायरवॉल. बाहेरून बघणाऱ्या फोनलाही आयपीव्ही६ मिळत असलं पाहिजे. आणि आयपीव्ही६ मध्ये आयसीएमपी सरसकट बंद करू नका, पॅकेट (माहितीचं पुडकं) मोठं झाल्याचा निरोप त्यातूनच येतो आणि तो अडला की काही पानं अर्धवट उघडतात.

४. "बाहेरून" म्हणजे खरंच बाहेरून तपासा

माझ्या एका चुलतभावानं शेडमधल्याच वायफायवर बसून स्वतःच्या सार्वजनिक पत्त्याला पिंग केलं, उत्तर आलं, आणि "झालं की सुरू" म्हणून मला फोन केला. तसं होत नाही. आतून केलेलं पिंग राउटर बाहेर न सोडता स्वतःच उत्तर देतो, बाहेरचं दार बंद असलं तरी. उलटही घडतं. काही राउटर आतून स्वतःच्या बाहेरच्या पत्त्याला उत्तर देत नाहीत आणि बाहेरून मात्र सगळं ठीक असतं. म्हणून आतून केलेल्या चाचणीवर कुठलाच निष्कर्ष काढू नका.

नीट पद्धत अशी:

• फोनचं वायफाय बंद करा, मोबाइल डेटा सुरू ठेवा. फोनवर व्हीपीएन (जोडणी दुसऱ्या जाळ्यातून नेणारं सॉफ्टवेअर) असेल तर तेही बंद करा.
• फोनचा हॉटस्पॉट लॅपटॉपला द्या.
• आधी ८.८.८.८ ला पिंग करा. हे आलं नाही तर मोबाइलचं जाळंच पिंग सोडत नाही, तुमच्या मोडेमला दोष देऊ नका.
• मग तुमच्या सार्वजनिक पत्त्याला पिंग करा. समजा तो २०३.०.११३.२५ आहे (ही रांग उदाहरणांसाठीच राखीव आहे, म्हणून बिनधास्त लिहितोय).

विंडोजवर पिंग चार वेळा जाऊन थांबतं. सतत चालू ठेवायचं असेल तर शेवटी "-टी" जोडा, थांबवायला कंट्रोल आणि सी. लिनक्सवर ते आपणहून सतत चालतं.

येणारी ओळ नीट वाचा, कारण प्रत्येकीचा अर्थ वेगळा आहे. "रिक्वेस्ट टाइम्ड आउट" म्हणजे उत्तर आलं नाही, कुठं अडलं ते कळत नाही. "डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल" म्हणजे वाटेतल्या कुणीतरी स्पष्ट सांगितलं की पुढं रस्ता नाही. तो निरोप कुठल्या पत्त्यावरून आला ते लिहून ठेवा. "टीटीएल एक्स्पायर्ड इन ट्रान्झिट" ही ओळ कंपनीला दाखवायला फार उपयोगी. निरोप दोन राउटरांमध्ये गोल गोल फिरून संपला, असा तिचा अर्थ. पत्ता तुमच्या नावानं राखलेला आहे पण तुमच्या जोडणीला लावलेला नाही, अशा वेळी हे घडू शकतं. आमच्याकडं सोळाव्या दिवशी हीच ओळ दिसली आणि तिनंच गाठ सुटली.

५. मोडेम मुद्दाम गप्प बसलाय का?

पत्ता तुमचा आहे, चाचणी खरी बाहेरून आहे, तरी उत्तर नाही. आता मोडेमच्या सेटिंगकडं वळा. बहुतेक घरगुती राउटर बाहेरच्या पिंगला उत्तर न देण्यासाठीच बनवलेले असतात. १९९० च्या दशकात पिंगचाच वापर करून संगणक बंद पाडायचे प्रकार झाले, तेव्हापासून ही सवय लागली. हा बिघाड नाही, ठरवून ठेवलेली सेटिंग आहे.

ती शोधायची कुठं? फायरवॉल, सिक्युरिटी, वॅन सेटअप किंवा अॅडव्हान्स्ड या मेनूंत. नेटगिअरमध्ये "रिस्पॉन्ड टू पिंग ऑन इंटरनेट पोर्ट" अशी चौकट असते. आसुसमध्ये फायरवॉलखाली वॅनकडून आलेल्या पिंगला उत्तर द्यायचं का, असा हो-नाहीचा प्रश्न असतो. टीपी-लिंकच्या जुन्या मॉडेलांत वाक्य उलटं आहे, "इग्नोअर पिंग पॅकेट फ्रॉम वॅन पोर्ट". तिथं खूण काढायची असते. वाक्य पूर्ण वाचा. मार्केट यार्डातल्या दुकानात खूण होती आणि मालक म्हणत होते "पिंग सुरू केलंय", पण ती "दुर्लक्ष करा" वर होती.

कंपनीनं दिलेल्या ओएनटीमध्ये ही सेटिंग एसीएल (काय आत येऊ द्यायचं त्याची यादी) नावाच्या पानावर सापडू शकते. तिथं वॅनच्या रकान्यात पिंग किंवा आयसीएमपी तेवढंच सुरू करा. त्याच ओळीत टेलनेट, एचटीटीपी, एसएसएच असतं. त्यांना हात लावू नका. ते उघडलं तर मोडेमचं लॉगिन पान सगळ्या जगाला दिसायला लागतं.

इथले तीन सापळे सांगतो.

पहिला, दोन डबे. कंपनीचा ओएनटी आणि त्यामागं तुमचा राउटर, दोन्ही राउटरचंच काम करत असतील तर सार्वजनिक पत्ता ओएनटीवर असतो आणि पिंगचं उत्तरही त्यानंच द्यायचं असतं. तुमच्या राउटरमध्ये सेटिंग बदलून काही होणार नाही. एकतर ओएनटीत बदला, किंवा कंपनीला सांगून ओएनटी ब्रिज मोडमध्ये टाका, म्हणजे तो राउटरचं काम सोडून जोडणी नुसती पुढं देईल, आणि पीपीपीओईचं युजरनेम-पासवर्ड तुमच्या राउटरमध्ये भरा. ब्रिज करण्याआधी ते युजरनेम-पासवर्ड हातात आहेत याची खात्री करा. नाहीतर लाइनमन येईपर्यंत शेड अंधारात.

दुसरा, डीएमझेड, म्हणजे बाहेरून आलेलं सगळं आतल्या एकाच यंत्राकडं पाठवायची सोय. काही राउटरांत डीएमझेड सुरू केलं की पिंगसुद्धा आतल्या त्या यंत्राकडं पाठवलं जातं. ते यंत्र विंडोजचा संगणक असेल तर त्याचा फायरवॉल गप्प बसतो आणि तुम्हाला वाटतं राउटर गप्प आहे. डीएमझेड बंद करून पुन्हा तपासा. विंडोजलाच उत्तर द्यायला लावायचं असेल तर फायरवॉलच्या इनबाउंड नियमांत "फाइल अँड प्रिंटर शेअरिंग" खालचा एको रिक्वेस्टचा आयसीएमपीव्ही४ चा नियम सुरू करावा लागतो. पूर्ण फायरवॉल बंद करू नका.

तिसरा, आपोआप पुसली जाणारी सेटिंग. कंपनीचा ओएनटी टीआर-०६९ नावाच्या पद्धतीनं दुरून कंपनीच्या ताब्यात असू शकतो. तिकडून नवी सेटिंग आली की तुमची गेली. आज पिंग सुरू आणि चार दिवसांनी बंद, असं होत असेल तर आधी हे पाहा. शिवाय बदल केल्यावर सेव्ह आणि अप्लाय दोन्ही दाबले का, तेही.

६. निरोप दारापर्यंत येतोय का?

सगळं करून झालं तरी शांतता असेल तर एकच प्रश्न उरतो: पिंग मोडेमपर्यंत पोचून परत जात नाही, की पोचतच नाही? साध्या राउटरवर हे दिसत नाही, पण सिस्टिम लॉगमध्ये कधी कधी अडवलेल्या आयसीएमपीची नोंद असते. मायक्रोटिकचा राउटर असेल तर फायरवॉलमध्ये आयसीएमपी स्वीकारायचा नियम वर ठेवा आणि बाहेरून पिंग चालू ठेवून त्या नियमासमोरचा पॅकेटांचा आकडा वाढतो का पाहा. राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी हे सॉफ्टवेअर असेल तर टीसीपीडंप ही येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारी कमांड चालवा. आकडा वाढला तर दोष आपल्या घरात आहे. ढिम्म राहिला तर कंपनीच्या जाळ्यात, आणि मग मोडेमशी खेळणं बंद करा.

बाहेरून ट्रेसर्ट कमांड चालवून निरोप कुठल्या वाटेनं जातो ते पाहता येतं. मधल्या एखाद्या ओळीत नुसते तारे दिसले म्हणून घाबरू नका, अनेक राउटर स्वतः उत्तर देत नाहीत पण निरोप पुढं सोडतात. शेवटची उत्तर देणारी ओळ महत्त्वाची.

तक्रार लेखी द्या. मी पाठवलेला मजकूर असा होता, तो तसाच वापरा:

"माझा ग्राहक क्रमांक अमुक. मला दिलेला स्टॅटिक आयपी अमुक. मोडेमच्या वॅनवर दिसणारा पत्ता तमुक. दुसऱ्या कंपनीच्या मोबाइल डेटावरून अमुक तारखेला अमुक वाजता पिंग आणि ट्रेसर्ट केलं, त्याचे फोटो जोडले आहेत. मोडेममध्ये वॅन पिंग सुरू आहे. आयपी माझ्या जोडणीला लावला आहे का आणि तुमच्याकडून आयसीएमपी अडवलं जातं का, हे लेखी कळवावं."

तक्रारीचा डॉकेट नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. ठरलेल्या मुदतीत काम झालं नाही तर त्याच नंबरावर कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडं दाद मागता येते. आम्ही हा मजकूर पाठवल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला, मोडेम बंद-सुरू करायला सांगितला, आणि वॅनवर खरा नंबर दिसला. पाचव्या पायरीतली खूण आधीच केलेली होती. पिंग लगेच आलं.

७. तुम्हाला पिंग हवंय की कॅमेरा?

हा प्रश्न स्वतःला आधीच विचारलेला बरा. पिंग बंद असूनही कॅमेरा बाहेरून व्यवस्थित दिसू शकतो. पोर्ट उघडा आहे का ते पाहायला विंडोजच्या पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन ही कमांड पत्ता आणि पोर्ट देऊन चालवा. ती पोर्टचा निकाल वेगळा दाखवते, आणि पोर्ट लागला नाही तर पिंगचाही.

पण डीव्हीआरचा पोर्ट सरळ जगाला उघडू नका, ही कळकळीची विनंती. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसनं जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले, कारण त्यांचे कारखान्यातून आलेले पासवर्ड कुणी बदललेच नव्हते. शेडमधल्या डीव्हीआरवर अजूनही तसाच पासवर्ड असेल तर हे वाचणं थांबवून आधी तो बदला. राउटरमधलं यूपीएनपी (यंत्रांना आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय) आणि रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून राउटरच्या सेटिंग बदलायची सोय) हेही बंद ठेवा.

आम्ही शेवटी राउटरवर वायरगार्ड नावाचं व्हीपीएन लावलं. फोनवर ते सुरू केलं की सांगलीत बसूनही मी शेडच्या आतल्या जाळ्यात असतो आणि डीव्हीआरला त्याच्या आतल्या पत्त्यानंच बघतो. डीव्हीआरचा एकही पोर्ट बाहेर उघडा नाही. यासाठी निदान एका बाजूला सार्वजनिक पत्ता लागतो. तो मिळतच नसेल, तुम्ही सीजीनॅटमध्येच असाल, तर टेलस्केल किंवा झीरोटिअर या व्हीपीएनसारख्याच तयार सेवा वापरा. दोन्ही बाजू आतून बाहेर जोडणी करतात, म्हणून वाड्याच्या दाराची अडचण येत नाही. टेलस्केल आपल्या यंत्रांना १००.६४ च्याच रांगेतले पत्ते देतं. ते बघून तिसऱ्या पायरीत गोंधळ होतो, म्हणून तपासताना ते बंद ठेवा.

मग पिंग सुरू कशाला ठेवलं? लाईटसाठी. माझ्या घरचा जुना संगणक दर पाच मिनिटांनी शेडला पिंग करतो आणि सलग तीनदा उत्तर आलं नाही तर माझ्या फोनवर मेसेज टाकतो. एखादं पिंग असंच हरवतं, म्हणून एकावर धावाधाव करायची नाही, तीन धरायची. तीन चुकली म्हणजे इन्व्हर्टरही उतरला किंवा तार तुटली. मग भावाला फोन.

राउटरच्या झाकणावर आता एक कागद चिकटवलाय: वॅनवर दिसायला हवा तो आकडा, पीपीपीओईचं युजरनेम, कंपनीचा तक्रार क्रमांक आणि "ओएनटी ब्रिज मोडमध्ये आहे, रीसेट करू नये" ही ओळ. भाऊ शेडमध्ये नसला तरी तिथला गडी फोनवर तो आकडा वाचून दाखवतो.